वाचून दिलेला कागद

“कागद वाचून देतीस ते बरं हाय गं पोरी. पण वाचायचं तर शेवटच्या ओळीपतोर वाच. न्हायतर सरळ सांग, मला कन्नड येत न्हाय म्हणून. अर्धंमुर्धं वाचून ‘ठीक हाय’ म्हणू नको. तुझ्या शब्दावर माणसं अंगठा उठवत्यात.”

बेळगुंदीच्या भावकू आप्पांनी, म्हणजे अदितीच्या सासऱ्यांनी, गेल्या दिवाळीत हे सांगितलं तेव्हा अदिती हसली होती. “आप्पा, दहावीला चौऱ्याण्णव होते मला कन्नडला.”

“मार्काचं कोण इचारतंय?” म्हणत आप्पा म्हशीला पाणी दाखवायला गेले, आणि अदितीनं लेकीच्या, स्वरालीच्या, तोंडात चकलीचा तुकडा कोंबत तो विषय तिथंच सोडला.

आप्पांचं म्हणणं उगीच नव्हतं. बाजारात भाजीवालीशी अर्धा तास कन्नडमध्ये हुज्जत घालतील अशी मराठी माणसं बेळगावात घरोघरी आहेत. पण छापील कन्नड कागद पुढ्यात आला, की तीच माणसं चष्मा शोधायला लागतात. शाळा मराठी, बाजार कन्नड. बोलणं जिभेवर बसलं, अक्षर काही डोळ्यांत बसलं नाही. मग अशा घरांना एक वाचणारं माणूस लागतं. टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटजवळच्या त्या गल्लीत ते माणूस म्हणजे अदिती. घरपट्टीची नोटीस, पाण्याचं बिल, पेन्शनचं पत्र, सगळं तिच्या जिन्यावर यायचं. बदल्यात कुणी शेवग्याच्या शेंगा द्यायचं, कुणी ताकाचा तांब्या. बी.कॉम. होऊन घरी बसलेल्या अदितीला त्या शेंगांपेक्षा ‘अदितीला विचारा’ हे दोन शब्दच जास्त आवडायचे.

ती राहायची विद्युल्लताबाईंच्या बंगल्यात, वरच्या मजल्यावर, भाड्यानं. बाई खाली. मराठी शाळेतून निवृत्त झालेल्या, वय त्र्याहत्तर, नवरा जाऊन बारा वर्षं झालेली, मूलबाळ नाही. सहा वर्षांत बाईंनी भाडं वाढवलेलं नव्हतं. “वाढवून काय करू? स्वराली पायऱ्या मोजत उतरते ना, तेच माझं भाडं,” असं म्हणायच्या.

तरीही अदितीला सतत एकच काळजी असायची, स्वतःच्या घराची. तीन-तीन महिन्यांनी पेपरात बातमी यायची. मोठ्या शहरांत घरांचे भाव पुन्हा चढले, विक्री जरा मंदावली, पण भाव काही खाली येईनात. सोबत वर जाणाऱ्या रेघेचं चित्र. त्यात पुणं असायचं, बेंगळूर असायचं, हैदराबाद असायचं. बेळगाव कुठंच नसायचं. तरी ती रेघ वर सरकली, की अदितीला वाटायचं आपल्याच पायाखालची फरशी कुणीतरी ओढतंय. ती कात्रणं ठेवायची. नवरा सुहास विमा कंपनीच्या ऑफिसातून दमून आला, की त्याला वाचून दाखवायची. तो म्हणायचा, “अगं, त्या शहरांत आपण घर घेणार आहोत का?” ती म्हणायची, “तिथं जे झालं तेच इथं येतं. फक्त उशिरा.”

हे वाक्य तिचं स्वतःचं नव्हतं. ते नागेंद्रचं होतं.

नागेंद्र हा बाईंच्या बहिणीचा मुलगा. चाळिशीचा, गोड बोलणारा. आधी मोबाईलचं दुकान होतं, आता ‘प्रॉपर्टीचं बघतो’. त्याच्या व्हॉट्सॲप स्टेटसवर रोज तीच वर जाणारी रेघ, आणि खाली ‘आता पाळी आपल्या शहराची’. दर महिन्याच्या पाच तारखेला तो मावशीच्या रक्तदाबाच्या गोळ्या न चुकता घेऊन यायचा, जाताना स्वरालीच्या हातात चॉकलेट ठेवायचा. जानेवारीत तो मुद्दाम वर आला होता. “वहिनी, उद्या-परवा इथं काही बांधकाम झालंच, तर तिसऱ्या मजल्यावरचा पूर्वेकडचा फ्लॅट तुमचा. आजच्या भावानं. लिहून ठेवा.”

“बाई तयार आहेत?” अदितीनं विचारलं होतं.

“होईल हो. मावशीचं मन वळवणं माझ्याकडं लागलं.”

त्या दिवसापासून अदितीनं मनातल्या मनात पूर्वेकडच्या खिडकीला पडदेसुद्धा लावले होते.

फेब्रुवारीत ई-खात्याचं वारं सुटलं. घराची नोंद संगणकावर चढवल्याशिवाय पुढं कुठलाही व्यवहार व्हायचा नाही, म्हणून सगळी गल्ली कागद गोळा करत धावत होती. बाईंचं काम नागेंद्रनं अंगावर घेतलं. एका सकाळी, पावणेनऊला, शाळेची व्हॅन कोपऱ्यावर हॉर्न देत असताना आणि स्वरालीचा एक बूट सापडत नसताना, बाई फाइल घेऊन जिन्याच्या तळाशी उभ्या राहिल्या.

“अदिती, एवढं बघतेस का गं? नागेंद्र दहाला न्यायला येतोय. ऑफिसात फोटो अन् अंगठा द्यायचाय म्हणे.”

अदितीनं तिसऱ्या पायरीवर बसून पहिलं पान वाचलं. बाईंचं नाव, घराचा नंबर, ई-खाता मिळावा म्हणून अर्ज. सरळ होतं. तिनं पान उलटलं. खाली स्टॅम्प पेपर होता. अर्जाला स्टॅम्प पेपर कशाला, असं तिच्या मनात आलं. आलं आणि गेलं. व्हॅननं पुन्हा हॉर्न दिला. आणि खरं सांगायचं तर, नागेंद्रच्या कागदात काही खोट निघावी अशी तिची त्या सकाळी इच्छाच नव्हती.

“ई-खात्याचंच आहे, बाई. करा सही.”

दुपारी बाई खुशीत परतल्या. “दोन्ही हातांचे ठसे घेतले. तिथल्या मॅडमनं विचारलं, ‘ओदिरेन?’ वाचलंय ना? मी म्हटलं, हूं री, आमच्या वरच्या पोरीनं वाचून दिलंय.”

सतरा दिवस गेले.

अठराव्या दिवशी, स्वरालीला जेवू घालता घालता अदिती नेहमीसारखी फोनवर विकाऊ घरं बघत होती. टिळकवाडी, नवीन प्रकल्प, चार मजले, दुसऱ्या गेटपासून दोन मिनिटं. तिनं फोटो मोठा केला. रस्त्यावरून काढलेला जुना बंगला, ‘सध्याची वास्तू’ असं खाली लिहिलेलं. वरच्या गॅलरीत दोरीवर एक पिवळा फ्रॉक वाळत होता. खिशावर बदक असलेला.

तोच फ्रॉक आत्ता स्वरालीच्या अंगावर होता. त्यावर वरणाचा डाग पडत होता.

अदिती ताट तसंच ठेवून खाली गेली. आवाज साधा ठेवायचा प्रयत्न करत म्हणाली, “बाई, त्या दिवशीच्या कागदांची प्रत आहे तुमच्याकडं?”

“मूळ कागद नागेंद्रनं नेले. पण झेरॉक्स काढल्याशिवाय मी देते होय?” बाईंनी कपाटातून फाइल काढून दिली. “का गं?”

“असंच. घरपट्टीचा नंबर बघायचाय.”

वर येऊन तिनं दार लावलं आणि वाचायला बसली. पहिलं पान अर्जाचं. पुढची तीन पानं कुलमुखत्यारपत्राची. विद्युल्लताबाई आपल्या घराच्या बाबतीत नागेंद्रला सगळे अधिकार देत आहेत. दुसऱ्या पानावर, विकण्याचा. विकसनासाठी देण्याचा. तिसऱ्यावर, विसार घेण्याचा, खरेदीपत्रावर बाईंच्या वतीनं सही करण्याचा, ताबा देण्याचा. बाईंनी मग कुठं राहायचं, याबद्दल चारही पानांत एक ओळ नव्हती. तिनं दोनदा शोधली. प्रत्येक पानाच्या तळाशी बाईंची शाळामास्तरणीची सही होती, गोल, सुवाच्य, आडवी रेघ मारलेली.

तेवढ्यात फोन वाजला. नागेंद्र.

“वहिनी, एक छोटी मदत हवी. उद्या अकराला माझं एक काम आहे. मावशीला यायची गरज नाही, माझ्या सहीनंच होतंय सगळं. तुम्ही फक्त तिला दुपारपर्यंत घरात गुंतवून ठेवा. स्वरालीला तिच्याकडं बसवा, पुरणपोळ्या करायला लावा, काहीही. आणि तिचा फोन जरा चार्जिंगला लावून ठेवा वरती. लोक उगाच फोन करून म्हातारीला घाबरवतात.”

“काम कसलं आहे?”

“घरचंच.” तो हसला. “पूर्वेकडचा राखलाय बरं का. किचनला खिडकी मोठी काढायला सांगितलीय.”

अदिती “बरं” म्हणाली. आपण “बरं” म्हणालो, हे फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं.

सुहास साडेसहाला आला. तिनं चहा न देता कागद दिले. त्याला कन्नड वाचता येत नव्हतं. तिनं एकेक ओळ मराठीत सांगितली. सुहासनं मोजे काढून बुटांत कोंबले.

“नागेंद्र मावशीला रस्त्यावर थोडाच काढणार आहे? तिलाही एखादा फ्लॅट देईल की.”

“कागदात नाही.”

“तोंडी दिला असेल शब्द.”

“आपल्याला दिलाय तसा?”

सुहास चिडला. “हे बघ, रोज तूच मला ती रेघ दाखवतेस. पुणं चढलं, बेंगळूर चढलं, आपण राहिलो. आता एक संधी आलीय तर... मी वाईट माणूस नाही गं. पण बाईंना आज सांगितलंस तर त्या पहिलं काय विचारतील माहीताय? तू काय वाचलंस, ते विचारतील.”

“माहीत आहे.”

“उद्या या गल्लीत तुझ्याकडं कोण कागद घेऊन येणार नाही.”

“नको येऊ देत.”

खाली बाई मेथी निवडत होत्या. शेजारी बसून स्वराली काड्या वेगळ्या करत होती. अदितीनं उभ्याउभ्याच सांगितलं. एका दमात, काही न लपवता. स्टॅम्प पेपर दिसला होता तेही, फ्लॅटचंही, दुपारच्या फोनचंही. 

बाईंनी विचारलं, “कुठल्या पानापर्यंत वाचलं होतंस?”

“पहिल्या.”

“आणि सही करा म्हणालीस.”

“हो.”

बाईंनी मेथीची जुडी वर्तमानपत्रात नीट गुंडाळली.  “नव्या इमारतीचं चित्र मला दाखवलं होतं नागेंद्रनं. मी गेल्यावर इथं काय होईल त्याचं, म्हणून. वरच्या बिऱ्हाडालाही घर मिळेल मावशी, म्हणाला. मला बरं वाटलं होतं गं ऐकून. मी गेल्यावर म्हणून.” त्या उठल्या, भिंतीला हात लावून उभ्या राहिल्या. “रडू नकोस. रडायला उद्या दुपारनंतर बसू आपण दोघी. रघुवीरला फोन लाव.”

रघुवीर वकील त्यांचा विद्यार्थी. “सातवीत दोन वर्षं बसवलाय त्याला मी,” बाई म्हणाल्या, “नाही म्हणायची हिंमत नाही त्याची.”

रघुवीरनं फोनवरच सांगितलं, मुखत्यारपत्र रद्द करता येतं. रद्द करण्याचा दस्त नोंदवावा लागेल. पण त्याआधी खरेदीपत्र झालं, तर पुढची दहा वर्षं कोर्ट. “बाई, उद्या दहाला या. आधार घेऊन. आणि कुणाशी बोलू नका.”

सब-रजिस्ट्रार ऑफिसात दहालाच पाय ठेवायला जागा नव्हती. सगळ्यांनाच भाव वाढायच्या आधी घ्यायचं होतं, नाहीतर भाव पडायच्या आधी विकायचं होतं. भिंतीवरच्या पडद्यावर टोकन नंबर सरकत होते. रघुवीरला एकतीस मिळाला. आणि बाकावर, फाइल मांडीवर घेऊन, नागेंद्र बसला होता. शेजारी पांढऱ्या शर्टातले एक जाडसर गृहस्थ, म्हणजे घेणारे. नागेंद्रच्या हातातल्या चिठ्ठीवर तेवीस होता.

त्यानं आधी बाईंना पाहिलं, मग अदितीला. अदितीवर त्याची नजर जरा जास्त थांबली.

“अरे, मावशी! ये, बस. पाणी आणू?”

बाई त्याच्या शेजारीच बसल्या. दुसरी जागाच नव्हती. सतरा नंबर झाला. अठरा. तेवढ्यात आतून कुणीतरी ओरडलं, “सर्वर डाऊन!” सगळा हॉल एकदम उसासला.

“बसा आता भजन करत,” मागून एक म्हातारा म्हणाला. “काल बी असंच गेलतं. पोरीचं लगीन हुईल, पण हितं नंबर न्हाय लागायचा.”

मावशी आणि भाचा एकाच बाकावर वीस मिनिटं बसले. नागेंद्र हळू आवाजात बोलत राहिला, आणि अदितीला त्याचा प्रत्येक शब्द ऐकू येत होता. “किती दिवस एकटी राहणार आहेस, मावशी? गेल्या पावसात पायरीवरून पडलीस तेव्हा दवाखान्यात कोण घेऊन गेलं? मीच ना? समोरचा बंगला गेला, कोपऱ्यावरचा गेला. भाव आत्ता आहे. पुढच्या वर्षी असेलच असं कोण सांगणार? मी काय तुझं वाईट करणार आहे?”

“मग मला का नाही सांगितलंस?” बाई म्हणाल्या.

“तू नाही म्हणाली असतीस.”

“हो,” बाई म्हणाल्या. “तेच.”

सर्वर आला. एकोणीस, वीस भराभर गेले. रघुवीर आत जाऊन हरकतीचा अर्ज देऊन आला, पण येताना त्याचा चेहरा उतरला होता. “घेतलाय अर्ज. पण रजिस्ट्रार मॅडम म्हणतात, रद्द झाल्याचा दस्त अजून नोंदला नाही. कागद आज तरी चालू आहे.”

एकवीस. बावीस. अदितीनं बाईंचा हात धरला. पडद्यावर तेवीस आला. नागेंद्र उठला, फाइल सरळ केली. पांढऱ्या शर्टातले गृहस्थ उठले.

आणि विद्युल्लताबाईही उठल्या. कुणी बोलावलं नव्हतं. गर्दीतून वाट काढत, “सरा, सरा” म्हणत त्या थेट टेबलापाशी गेल्या आणि सगळ्या वर्गाला ऐकू जावं अशा जुन्या आवाजात म्हणाल्या, “मॅडम, ई मनी नंद ऐति. ना मारंगिल्ल.”

घर माझं आहे. मी विकणार नाही.

 मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. कागदावरचा फोटो पाहिला, समोरचा चेहरा पाहिला. नागेंद्र म्हणाला, “वय झालंय, मॅडम. त्यांना आठवत नाही.”

“मला विचारा तारखा,” बाई म्हणाल्या. “घर कधी बांधलं, स्लॅब कुठल्या दिवशी पडला. विचारा.”

मॅडमनी काही विचारलं नाही. काय करायचं ते त्यांना ठरवावंही लागलं नाही. पांढऱ्या शर्टातल्या गृहस्थांनीच नागेंद्रच्या हातातून आपली फाइल काढून घेतली. “मालकीणबाई समोर उभ्या राहून नाही म्हणतायत, आणि तुम्ही मला ‘क्लिअर आहे’ म्हणून सांगितलं होतं? भांडणाची जागा मला नको. असल्या छप्पन्न जागा मिळतात या गावात.” ते निघून गेले. नागेंद्र त्यांच्या मागं धावला. दारातून वळून अदितीला म्हणाला, “वहिनी, चांगलं वाचलंत हो!”

एकतीस नंबर पावणेचारला आला. मुखत्यारपत्र रद्द झालं. रघुवीरनं दस्ताची प्रत बाईंच्या पिशवीत घातली.

एवढ्यावर गोष्ट संपली असती तर अदितीला झोप लागली असती.

जूनमध्ये सुहासची बदली निपाणीला झाली. जाताना बाईंनी स्वरालीला पाटी-पेन्सिल दिली, आणि अदितीला काहीच दिलं नाही, फक्त डोक्यावरून हात फिरवला. वरचा मजला रिकामा राहिला. भाडेकरू येऊन बघून जायचे, आणि दुसऱ्या दिवशी नको म्हणून कळवायचे. का, ते बाईंना कळायचं नाही. आणि नागेंद्र पुन्हा यायला लागला. पाच तारखेला, गोळ्या घेऊन. अदितीनं फोनवर कळवळून विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या, “बहिणीचा मुलगा आहे गं. माफी मागितली त्यानं. दार कसं लावून घेऊ?”

त्या रोज सकाळी आठला अदितीला फोन करायच्या. या सोमवारी फोन आला नाही. अदितीनं केला, तर नागेंद्रनं उचलला. “मावशी अंघोळीला गेलीय.” दुपारी केला. “झोपलीय.” मंगळवारी, “देवळात गेलीय.” फोन घरी ठेवून? बाई फोन बटव्यात घालून बटवा कमरेला लावतात, हे अदितीनं सहा वर्षं पाहिलंय. बुधवारी कुणी उचललाच नाही. रघुवीर एका खटल्यासाठी धारवाडला आहे, येत्या सोमवारी जाऊन बघतो म्हणाला. स्वरालीच्या अंगावर कांजिण्या उठल्यात, ताप उतरत नाही. तिला घेऊन बसमध्ये बसता येत नाही आणि सोडून जाता येत नाही. सुहास ट्रेनिंगला बेंगळूरला आहे, बेळगुंदीच्या आप्पांना गुडघ्यानं उठवत नाही, आणि पोलीस म्हणाले, भाचा आहे ना जवळ?

शेजारी कुणाला विचारावं, तर शेजार कुठं उरलाय? समोरचा बंगला पाडून तिथं पत्रे लावलेत. डावीकडचे विकून पुण्याला मुलाकडे गेले. उजवीकडचं घर गुंतवणूक म्हणून कुणीतरी घेऊन कुलूप घालून ठेवलंय. ज्या गल्लीत तिच्या जिन्यावर रोज माणसं यायची, त्या गल्लीतला एकही नंबर आता लागत नाही.

म्हणून अदितीचं तुमच्याकडे मागणं आहे. आज-उद्या टिळकवाडीत दुसऱ्या गेटकडून जाणार असाल, तर त्या पत्र्यांच्या समोरच्या हिरव्या फाटकात जरा वळा. बेल बंद असते, कडी वाजवा. दार दुसऱ्या कुणी उघडलं, तर बाहेरूनच परतू नका. शाळेतले विद्यार्थी आहोत, बाईंना भेटायचंय, असं सांगा आणि आत जा. विद्युल्लताबाईंना डोळ्यांनी बघा, त्यांच्याशी दोन शब्द बोला. आणि लगेच अदितीला कळवा. ती फोन हातात घेऊनच बसलीय.